लगामाला लावलेली तीट

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत एक सही केली, तर आपल्या पदरात काय काय पडणार, हे वैजयंता खरमाटेने गुरुवारी डबा खाता खाताच मांडून ठेवलं होतं. एक, नावापुढचा 'शिकाऊ' हा शब्द जाणार. दोन, स्वच्छतागृहाच्या दाराजवळची खुर्ची सुटून खिडकीजवळची मिळणार. तीन, गळ्यातली ओळखपत्राची पिवळी पट्टी निळी होणार, आणि निळ्या पट्टीवाल्यांना आपटीकर सर 'अहो' म्हणतात. चौथी गोष्ट ती स्वतःशीसुद्धा हळूच बोलायची: सांगलीत हमाली करणाऱ्या तिच्या थोरल्या भावाच्या, हणमंताच्या, पाठीवरचं पोतं उतरणार.

जाणार काय? तर काहीच नाही. तिथेच खरं तर तिने थांबायला हवं होतं. हमालाच्या घरात वाढलेल्या पोरीला एवढं कळायला हवं, की वजन कुणाच्या तरी पाठीवर असतंच. आपल्याला दिसत नाही, याचा अर्थ ते आपल्या मागे चालणाऱ्याच्या पाठीवर आहे.

साल २०४१. बाणेरच्या टेकडीखाली 'त्रिकोण सिलिकॉन' नावाच्या कंपनीत ती सहा महिने चिपची पडताळणी शिकत होती. चिपचं नाव 'लगाम', आणि ती बसणार होती 'बाही'त. बाही म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायचं एक आवरण. त्यात वीज मिळाली की आकसणारे धागे विणलेले. माणसाने पोतं उचलायचं मनात आणलं, की दंडातल्या नसांतून जो बारीकसा इशारा जातो, तो बाही वाचते आणि बारा पट जोर लावते. शंभर किलोचं पोतं मग दुधाच्या किटलीएवढं होतं. पण बारा पट जोराचा हात म्हणजे उधळलेला घोडा. म्हणून लगाम. लगामाचे मुख्य नियम दोन. तळहाताला माणसाचं अंग लागलं, म्हणजे ऊब आणि नाडी जाणवली, तर जोर बारा पटीवरून एक पटीवर. आणि बाही घालणाऱ्यालाच कळ आली, काही टोचलं, काही पडलं, तर हात ताबडतोब उघडायचा.

चिप एकदा कारखान्यात कोरली की तिच्यावर खोडरबर चालत नाही. म्हणून ती संगणकातल्या चार-पाच लाख ओळींपुरतीच असते, तेव्हाच तिचा छळ करून घ्यायचा. तिच्यावर आंधळे इशारे सोडायचे, अक्षरशः कोट्यवधी, वेळीअवेळी, उलटेसुलटे. शेजारी एक सोपी, बिनचूक नक्कल चालू ठेवायची. दोघींची उत्तरं जुळली नाहीत की लाल ओळ. आणि कोणकोणते प्रसंग चिपने खरोखर भोगले, याचा एक भलामोठा तक्ता. प्रसंग घडला की रकाना हिरवा.

"चिप बांधणारा ही आई, पडताळणारी ही सासू," श्रीरंग आपटीकर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पंचावन्नचे, गोरे, बोलताना चष्मा पुसणारे. पडताळणी विभाग त्यांनीच उभा केलेला. "आई म्हणणार, माझी पोर गुणाची. सासूने शोधायचं, ती नेमकी कुठे घसरते. खाष्ट सासू हो, वैजयंता."

ती झाली. बाकीचे शिकाऊ चिपला विनंत्या केल्यासारखे इशारे द्यायचे. ही चिपला कामाला जुंपायची, मध्येच वीज तोडायची, पुन्हा जोडून पहिलाच हुकूम उलटा द्यायची. सहा महिन्यांत तिने एकोणीस चुका काढल्या. आपटीकर चारचौघांत म्हणाले, "या मुलीला संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. घरूनच आणलाय."

तक्त्यात एक्केचाळीस हजार दोनशे सोळा रकाने होते. त्या गुरुवारी एक सोडून सगळे हिरवे झाले. असा चिवट रकाना उरला, तर त्रिकोणमध्ये त्याला 'तीट' म्हणत. बाळ दृष्ट लागण्याइतकं देखणं झालं, आता गालावर एक काळा ठिपका लावून बाहेर काढा. म्हणजे त्या रकान्यावर 'अशक्य' असा शेरा मारायचा, कारण लिहायचं आणि सही करायची. सही सगळ्यात नव्या माणसाने करायची. मुरलेल्या डोळ्यांना दिसत नाही ते नव्या डोळ्यांना दिसेल, असा मुळात त्यामागे शहाणपणा होता. पुढे शहाणपणा गळला आणि सहीनंतरचे पेढे राहिले.

उरलेला प्रसंग असा: हातात माणूस आहे, आणि त्याच क्षणी स्वतःला कळ आली आहे.

तो रिकामा होता, कारण आंधळे इशारे सोडणाऱ्या यंत्रणेलाच बजावून ठेवलं होतं, की या दोन गोष्टी एकत्र द्यायच्या नाहीत. ती ओळ आपटीकरांनी स्वतः लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी. विचार सरळ होता. हातात माणूस सापडला तर तो अपघात, त्यात कळ त्या माणसाला. आपल्याला कळ आली तर अंगावर काही पडलंय, तेव्हा हातात पोतं. दोन्ही एकदम कशाला होईल? त्रिकोणमधल्या एकशे दहा हुशार माणसांपैकी कुणालाही दोन वर्षांत याचं उत्तर सुचलं नाही. त्यातल्या बहुतेकांनी शेवटची मारामारी इयत्ता दुसरीत, पट्टीने केली होती.

वैजयंताला उत्तर नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. सांगलीच्या हळदपेठेच्या फाटकात तिच्या बापाच्या, आण्णांच्या, हातात एकाचं नरडं होतं, आणि त्या माणसाचा गुडघा बापाच्या पोटात घणासारखा बसत होता. मारामारी म्हणजे दुसरं काय असतं?

तिने ती बंदीची ओळ काढली आणि अकरा ओळींची चाचणी लिहिली. तिसऱ्याच फेरीत लाल ओळ. कारण शोधायला तिला वीस मिनिटं लागली. हात झटकन उघडता यावा म्हणून कळेचा नियम आधी जोरावरची मर्यादा काढायचा, मग धाग्यांची दिशा उलटवायचा. अंगाचा नियम हिसका बसू नये म्हणून दिशा आहे तशीच रोखून धरायचा. दोन्ही एकाच ठोक्याला आले, की एकाने लगाम सोडलेला आणि दुसऱ्याने घोड्याचं तोंड वळू दिलेलं नाही. हात मिटतच जाणार. बारा पटीने.

"सर, दोन्ही एकदम दिलं तर मिटतो."

"काय मिटतं?"

"हात. पूर्ण जोराने."

आपटीकरांनी पडद्यावरची लाल ओळ पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. "हे कोण करणार?"

"मारामारीत होतं, सर."

"कुणाच्या मारामारीत?"

"कुणाच्याही."

"तू शेवटची मारामारी कधी केलीस?"

"मी नाही. पण आमच्याकडे..."

"तुमच्याकडे!" पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि चार खुर्च्या हसल्या.

आपटीकर हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. "माहितीपुस्तक, पान चार. भांडणात वापरू नये. लिहिलंय ना? मग ते आपल्या व्याख्येबाहेर. उद्या नकाशा कारखान्यात गेला नाही, तर पुढची तारीख चार महिन्यांनी. तुझी मुदत संपते दोन महिन्यांनी. मी दबाव आणत नाही हं. मी कॅलेंडर दाखवतोय."

शुक्रवारी पावणेसहाला तिने लिहिलं: वापराच्या व्याख्येबाहेर, अशक्य. खाली सही केली. टाळ्या झाल्या.

"अहो खरमाटे," आपटीकर म्हणाले, "पेढा घ्या."

आठ महिन्यांनी पहिल्या तीनशे बाह्यांतल्या काही सांगलीच्या हळदपेठेत आल्या. वैजयंताने त्यासाठी किती जणांना मस्का लावला ते तिचं तिला माहीत. पहिल्या आठवड्यात ती रजा काढून घरी गेली आणि सकाळी दहाला पेठेत पोचली. हणमंता एकेका हाताने एकेक पोतं उचलून ट्रकच्या फळीवर ठेवत होता, आणि मधूनच लग्नातल्या घोड्यासारखा मान उडवत होता.

"बघ, वैजू! पाठीला घाम न्हाई. आण्णा असतं तर म्हणलं असतं, लेका, बाईसारखा फुलं वेचतोस व्हय!"

"दमानं, दादा. दाखवायला नको करूस."

"आता न्हाई तर कवा दाखवायचं?"

पेठेत दोन टोळ्या होत्या. हणमंताच्या टोळीला बाह्या आधी मिळाल्या होत्या, पोपट लवटेच्या टोळीला पुढच्या महिन्यात मिळायच्या होत्या. लवटे चाळिशीचा, बुटका, मानच नसल्यासारखा, दोन मुलींचा बाप. तेलंगणातून एक मोठा ट्रक आला. पाळी लवटेच्या टोळीची होती. पण अडत्याला घाई होती, आणि बाह्या घातलेली चार माणसं वीस जणांचं काम करत होती. अडत्याने हणमंताला बोट दाखवलं.

"खरमाट्या, पाळी कुनाची हाय?" लवटे फळीवर चढला.

"अडत्याला इचार. मला का इचारतोस?"

"बहिणीनं रबरी हात आणून दिल्यात म्हणून ट्रक तुझा झाला व्हय रं? पोतं ती उचलती, तू नुसता बाहुला."

"बहिणीचं नाव घिऊ नगंस."

"घेतो. वैजयंता. वैजयंताबाईचा बाहुला!"

हणमंताने डाव्या हाताने त्याला ढकललं. एका पटीचाच धक्का होता, लगाम चोख होता. लवटे दोन पावलं मागे गेला, आणि परत आला तो बुक्की घेऊनच. हणमंताचा ओठ फुटला. हळदीच्या धुरळ्यात रक्त पडलं आणि ताबडतोब मातीच्या रंगाचं झालं. दोन्ही टोळ्या उड्या टाकून फळीभोवती आल्या. कुणाच्या तरी डोक्यात वजनाचं माप बसलं, तो पोत्यांवर आडवा झाला. हणमंताने उजव्या हाताने लवटेचं नरडं धरलं.

वैजयंता वीस पावलांवर होती. तिला लवटेच्या कमरेचा आकडा दिसला. पोतं ओढायचा लोखंडी आकडा, हाताच्या वितीएवढा. आणि पुढे काय होणार ते सगळं तिला एका क्षणात, पडद्यावर पाहिल्यासारखं दिसलं.

"दादा, सोड! हात काढ!"

लवटेने आकडा उपसला आणि हणमंताच्या खांद्यात खुपसला.

हात मिटला. ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. लवटेचे पाय फळीवरून उचलले गेले आणि झटके देऊ लागले. त्याचे डोळे हणमंताकडेच होते, आणि त्यात राग कुठेच उरला नव्हता.

"सुटना!" हणमंता ओरडत होता. "वैजू, सुटना गं! ह्यो हात माझा न्हाई!"

ती माणसं तुडवत फळीवर चढली आणि त्याच्या काखेतली, दोन्ही बाह्यांना वीज पुरवणारी बॅटरी ओढून काढली. बाही सैल झाली. लवटे पोत्यासारखा खाली आला. तोवर त्याच्या टोळीतले आकडे उगारले गेले होते. मेलेल्या बाह्या हणमंताच्या खांद्यांना शिशासारख्या लटकत होत्या, त्याला हात वर करून तोंडसुद्धा झाकता येईना. एक आकडा त्याच्या मांडीत घुसला, एक गालातून दातापर्यंत गेला. वैजयंता त्याच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा तिच्या पाठीत लाथा बसल्या. पोलीस आले तेव्हा तीन बाह्या जळत होत्या आणि हळदीचा धूर सगळ्यांना सारखाच रडवत होता.

इस्पितळात हणमंताचा पाय खाटेला बेडीने बांधला होता. गालाला टाके, त्यामुळे तो अर्ध्याच तोंडाने बोलत होता.

"वैजू, म्या धरलं हुतं. आवळलं न्हाई."

"मला माहितीय."

"तुला कसं म्हाईत? मलाच न्हाई म्हाईत." तो छताकडे बघत राहिला. "राग तर आलाच हुता की. समदी म्हनत्यात, मनात आल्याबिगर हात मिटत न्हाई. म्या मनात आणलं आसंल का गं?"

खुनाचं कलम, जन्मठेप, हे सगळं होतंच. पण हा प्रश्न त्याहून वाईट होता. आणि उत्तर जगात दोनच माणसांकडे होतं. त्यातलं एक माणूस चौथ्या दिवशी वकील घेऊन सांगलीला आलं.

"तुझी ती चाचणी आता कुठेही नाही," पोलीस चौकीच्या आवारात आपटीकर म्हणाले. "जुन्या फेऱ्या तीस दिवसांनी पुसल्या जातात. नियम तुला ठाऊक आहे. चिपमध्ये खोट आहे असं तू म्हणालीस, तर पहिला प्रश्न येईल, अशक्य असं कुणी लिहिलं?"

"तुम्ही लिहायला लावलंत."

"कुठे लिहिलंय ते?" त्यांचा स्वर खरोखरच प्रेमळ होता. "भावाला चांगला वकील कंपनी देईल. मी स्वतः बोललोय. एका घरातून दोघं कशाला जायची?"

हा व्यवहार तसा वाईट नव्हता. वैजयंताने तो आईच्या चेहऱ्यासमोर, रिकाम्या घरासमोर, दोन दिवस धरून पाहिला. पण हणमंता विचारत होता त्याचं उत्तर वकिलाला देता येणार नव्हतं.

पोलीस निरीक्षक कुडचे या तोलून-मापून बोलणाऱ्या बाई. त्यांनी पेठेच्या लिलावघरात बाहीचं प्रात्यक्षिक ठेवलं. दोन्ही टोळ्या दोन भिंतींना, मध्ये लवटेची बायको सुनंदा, मांडीवर हात ठेवून बसलेली.

आपटीकरांनी एका शिपायाला बाही घालायला लावली आणि आपलं मनगट पुढे केलं. "दाबा. सगळा जोर लावून." शिपायाने दाबलं. आपटीकरांनी हसत हात सोडवून घेतला. मग शिपायाच्या हातात पोतं दिलं आणि दंडाला टाचणी टोचली. हात फटकन उघडला, पोतं पडलं. "एक्केचाळीस हजार प्रसंग आम्ही तपासलेत, मॅडम. हात मिटला तो माणसाच्या इच्छेने."

"दोन्ही एकदम करा," वैजयंता मागून म्हणाली.

सगळे वळले.

"मनगट धरलेलं असताना टाचणी टोचा. मनगट तुमचंच ठेवा, सर."

आपटीकरांचा हात खिशात गेला. "त्याची आवश्यकता नाही. असा वापर व्याख्येतच..."

"का हो?" कुडचे बाई म्हणाल्या. "टाचणीच तर आहे."

"मॅडम," वकील मध्ये पडला, "खिशातला हात हा पुरावा होत नाही."

"नाही होत," वैजयंता म्हणाली. तिने शिपायाची बाही उतरवून आपल्या उजव्या हातावर चढवली. डावा हात उजव्या मुठीत दिला. मग ती भिंतीजवळच्या हमालांकडे वळली. "दाभण आहे कुणाकडे? पोतं शिवायचं? खांद्यात घाला. आणि एकाने बॅटरीला हात लावून उभं राहा."

एक म्हातारा हमाल म्हणाला, "पोरी, याड लागलं का? लेकरावर कोन दाभण चालवंल?"

"अहो खरमाटे, थांबा," आपटीकर म्हणाले. घाईतही चारचौघांत ते 'अहो' विसरले नाहीत, याची तिला त्या स्थितीतही गंमत वाटली.

ती सुनंदा लवटेकडे पाहत होती. "वहिनी, हे असं होतं हे मला आधी दिसलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि होणार नाही असं लिहून सही केली. माझ्या नोकरीसाठी. तुमच्या नवऱ्याला दादाने मारलं नाही."

सुनंदा उठली. म्हाताऱ्याच्या पागोट्यात खोचलेलं दाभण तिने काढून घेतलं. कुडचे बाई "अहो, अहो" म्हणत पुढे येईपर्यंत तिने ते वैजयंताच्या खांद्यात खोलवर घुसवलं होतं.

मूठ मिटली. पहिल्यांदा करंगळीकडचं हाड गेलं, मग एकामागून एक सगळी. लिलावघरात तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला. वैजयंता किंचाळली, गुडघ्यावर आली, आणि तरी तिला कळत होतं, की ती उजवा हात उघडायचा, उघडायचा, एवढंच मनात आणते आहे. म्हातारा पुढे धावून बॅटरीशी झटत होता, ती निघेना. शेवटी बॅटरी ओढली ती सुनंदानेच. तोवर मुठीतून जे बाहेर आलं, त्याला हात म्हणवत नव्हतं.

"लिहून घ्या," कुडचे बाई कारकुनाला म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वेळेसकट लिहा."

आता भरणा कुणी कुणी केला, ते सांगायचं.

पोपट लवटेने जीव भरला. त्याच्या जागी हमालीचा बिल्ला सुनंदाला मिळाला. ती पोती उचलते, आणि खरमाट्यांच्या दारावरून जाताना मान वळवत नाही, थुंकतही नाही. हणमंतावरचं खुनाचं कलम उठलं, मारामारीचं राहिलं. चौदा महिने. त्याचा गाल ओढलेला राहिला, पण रात्री त्याला झोप लागते. पेठेतल्या उरलेल्या बाह्या जप्त झाल्या, आणि दोन्ही टोळ्यांना शंभर किलोचं पोतं पुन्हा शंभर किलोचं झालं. वैजयंताच्या डाव्या हाताची चार बोटं काढावी लागली, आणि न्यायालयाने तिच्या सहीबद्दल दोन वर्षं दिली. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कुणाला हे ठाऊक होतं का? तिने नाव सांगितलं. कागद मागितला गेला. शिकवणाऱ्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

आपटीकरांनी सांगलीतल्या लॉजचं बिल भरलं, दोन दिवसांचं. पावती त्यांनी जपून ठेवली होती, कंपनीने पुढच्या महिन्यात पैसे परत दिले.